काळी यादी : ना आरोपपत्र, ना सुनावणी

१/
धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

गेल्या वर्षी आमच्या छोट्या इतिहास-पत्रिकेच्या मेल सर्व्हरवरून एका ज्येष्ठ मोडी अभ्यासकांना पत्र गेले. त्यांच्या लिप्यंतराची मुद्रिते तपासण्यासाठी पाठवली होती. उत्तर आले नाही. तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. स्वर दुखावलेला होता. "लेख नको असेल तर तसे स्पष्ट कळवायचे होतेत." पत्र त्यांना मिळालेच नव्हते.

२/
शोध घेतल्यावर उलगडा झाला. त्यांना ई-मेल सेवा पुरवणाऱ्या एका बड्या कंपनीने आमचा सर्व्हर काळ्या यादीत टाकला होता. आधी आमची पत्रे स्वीकारून परस्पर स्पॅमच्या पेटीत लोटली जात होती. पुढे ती ५५० हा त्रुटी-क्रमांक घेऊन परत येऊ लागली. आरोप कोणता, पुरावा कोणता, निर्णय कोणाचा, याविषयी चकार शब्द नव्हता.

३/
या धाग्यातले माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. ज्याला दुसऱ्याचे नाव काळ्या यादीत घालण्याचा अधिकार हवा, त्याने कारण सांगण्याचे आणि परतीची वाट उघडी ठेवण्याचे कर्तव्यही स्वीकारले पाहिजे.

ही मागणी मी आज उठून करत नाही. ई-मेलच्या स्वतःच्या इतिहासात ती नोंदलेली आहे. आपण तो इतिहास विसरलो, एवढेच.

४/
आधी थोडी पार्श्वभूमी. ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे जाते. दार ठोठावणारा सर्व्हर कोणत्या आयपी पत्त्यावरून आला, हे घेणाऱ्याला दिसते. पत्रावरचे प्रेषकाचे नाव खोटे लिहिता येते. आयपी पत्ता लपवणे त्या मानाने पुष्कळ अवघड असते. म्हणून काळ्या याद्या प्रामुख्याने आयपी पत्त्यांच्या असतात.

५/
नकोशा टपालाची चिंता फार जुनी आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ७०६ हे टिपण लिहिले. त्रासदायक यंत्राकडून येणारे संदेश नाकारण्याची सोय घेणाऱ्याकडे नाही, ही अडचण त्यांनी त्यात मांडली.

३ मे १९७८ रोजी डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना विक्रीची जाहिरात पाठवली. पत्ते छापील निर्देशिकेतून घेतले होते. तक्रारी आल्या, प्रशासनाने कानउघाडणी केली, प्रकरण मिटले. जग तेव्हा तेवढेच लहान होते.

६/
ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांच्याच आरएफसी ८२१ ने एसएमटीपी ही टपालाची रीत ठरवून दिली. तिचा पाया विश्वासाचा होता. कोणाचेही पत्र कोणीही पुढे पोहोचवावे, हा त्या काळचा शेजारधर्म. अशा सर्व्हरना पुढे 'ओपन रिले' म्हणू लागले.

त्याच महिन्यातल्या आरएफसी ८२२ ने आणखी एक गोष्ट सक्तीची केली. प्रत्येक ठिकाणी 'पोस्टमास्टर' या नावाची पेटी असलीच पाहिजे आणि त्या पेटीतले पत्र जबाबदार माणसापर्यंत गेलेच पाहिजे. हा नियम लक्षात ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

७/
एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात यूजनेटच्या हजारो चर्चागटांत ओतली. व्यापारी स्पॅमचा पूर खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झाला. शेजारधर्माने उघडी ठेवलेली दारे स्पॅमवाल्यांनी बेधडक वापरली.

८/
१९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी कॅलिफोर्नियात मॅप्स या उपक्रमाखाली आरबीएल ही यादी सुरू केली. तिची युक्ती साधी आणि देखणी होती. समजा, दारात १९२.०.२.१० हा पत्ता उभा आहे. घेणारा सर्व्हर तो उलटा करतो, १०.२.०.१९२, त्याला यादीचे नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो. उत्तर १२७.०.०.२ आले, तर पत्ता यादीत आहे. काहीच आले नाही, तर तो यादीत नाही. क्षणार्धात निवाडा.

९/
या पहिल्या यादीची रीत पाहण्यासारखी होती. नाव घालण्याआधी संबंधित सर्व्हरच्या चालकाशी संपर्क साधण्याचा प्रयत्न होई. तक्रारीसोबत पुरावा मागितला जाई. यादी कोणाची, हे जगजाहीर होते. ज्यांना ती पटत नव्हती, त्यांनी व्हिक्सींना नावानिशी धारेवर धरले. नाव होते, म्हणूनच धरता आले.

१०/
येथे दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. स्पॅम ही क्षुल्लक कटकट नाही. कागदी जाहिरातीचा खर्च पाठवणारा करतो. स्पॅमचा खर्च घेणाऱ्याच्या माथी बसतो. त्याची साठवण, त्याची वीज, त्याचा वेळ यांत खर्ची पडतो. फसवणुकीची पत्रे तर लोकांची आयुष्यभराची पुंजी धुऊन नेतात. काळ्या याद्या नसत्या, तर ई-मेल केव्हाच बुडाले असते. माझा वाद यादीच्या अस्तित्वाशी नाही, यादीच्या मुजोरीशी आहे.

११/
ती मुजोरी लवकरच दिसू लागली. २००१ च्या सुमारास स्प्यूज नावाची यादी आली. चालवणारे निनावी. त्यांना पत्र पाठवायला पत्ता नाही. नाव काढून हवे असेल तर सार्वजनिक चर्चागटात गाऱ्हाणे मांडायचे आणि कोणीतरी ते वाचत असेल, अशी आशा करायची. शिवाय एका स्पॅमवाल्यासाठी त्याच्या पुरवठादाराचा सबंध पत्ता-समूह यादीत जाई. शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला की पुरवठादार वठणीवर येईल, हा त्यामागचा हिशेब. सामूहिक दंडाचे समर्थन इतिहासात पूर्वीही अशाच शब्दांत झालेले आहे.

१२/
यादी मरते तेव्हाही बळी घेते. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरुसॉफ्टची यादी हल्ल्यांनी जेरीस येऊन बंद पडली. बंद पडताना तिने विचारलेल्या प्रत्येक पत्त्याला 'यादीत आहे' असेच उत्तर दिले. अवघे जग एका रात्रीत स्पॅमवाले ठरले.

ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली होती. तरीही अनेक सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च २००८ मध्ये तिनेही सर्वांना दोषी ठरवणारे उत्तर देणे सुरू केले. इतक्या प्रशासकांनी आपला निर्णय एका मेलेल्या यादीवर सोपवला होता.

१३/
मग पैशाचा प्रश्न आला. सॉर्ब्स या यादीने एके काळी काही नोंदी काढण्यासाठी ५० डॉलरची अट घातली होती. रक्कम धर्मादाय कामाला द्यायची, असे तिचे म्हणणे. पण सुटकेला किंमत लावली की ते दान उरत नाही, ती खंडणीची धाकटी बहीण होते.

जानेवारी २०१२ च्या आरएफसी ६४७१ ने हेच नोंदवले. नाव काढण्यासाठी शुल्क किंवा देणगी मागणे ही गोष्ट खंडणीच्या धोकादायकरीत्या जवळ जाते, सबब तसे करू नये. यादीचे निकष उघड असावेत, नाव काढण्याची रीत स्पष्ट असावी, हेही त्यात आहे. म्हणजे माझी मागणी लिखित स्वरूपात आधीच अस्तित्वात आहे.

१४/
"अन्याय झाला तर कोर्टात जा," असे कोणी म्हणेल. त्याचाही इतिहास पाहू.

ई३६० इनसाइट या अमेरिकी विपणन कंपनीने स्पॅमहाउस या, १९९८ पासून चालत आलेल्या, यादीवाल्या संस्थेवर खटला भरला. २००६ मध्ये इलिनॉयच्या न्यायालयाने एकतर्फी निकालात १,१७,१५,००० डॉलरची भरपाई मंजूर केली. २०१० मध्ये ती २७,००२ डॉलरवर आली. २०११ मध्ये अपील न्यायालयाने उरवले अवघे ३ डॉलर.

१५/
त्या खटल्यात माझी सहानुभूती वादीला नाही. पण धडा घ्यावा. पाच वर्षे, महागडे वकील, अखेरीस हाती तीन डॉलर. आमच्यासारख्या पत्रिकेला हा मार्ग नाही.

स्पॅमहाउसच्या बाजूने एक गोष्ट नमूद करतो. तिथे आपला पत्ता कोणालाही तपासता येतो, कोणत्या यादीत आहे ते कळते आणि नाव काढण्याचे पैसे पडत नाहीत. कठोर असूनही उत्तरदायी राहता येते, याचा हा पुरावा.

१६/
खरे स्थित्यंतर मात्र वेगळेच घडले. १९९६ मध्ये हॉटमेल आले, पुढच्याच वर्षी ते मायक्रोसॉफ्टने घेतले. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आले. लहानमोठ्या असंख्य सर्व्हरवर विखुरलेल्या पेट्या मूठभर वाड्यांत गोळा झाल्या. त्यांच्यासोबत यादीही वाड्याच्या आत गेली.

जुनी यादी चौकात टांगलेली होती. ती चुकीची असली तरी वाचता येत होती. नवी यादी वाड्याच्या देवडीवर बसलेल्या पहारेकऱ्याच्या मनात असते.

१७/
मॅप्सचा जुना युक्तिवाद असा होता : आम्ही फक्त मत प्रसिद्ध करतो, पत्र नाकारायचे की नाही हे घेणारा ठरवतो. १९९७ मध्ये यात तथ्य होते. यादीवाला वेगळा, नाकारणारा वेगळा.

आज मत देणारा, निवाडा करणारा आणि दार लावणारा एकच आहे. अशा वेळी 'हे आमचे अंतर्गत धोरण' हे उत्तर मताचे उरत नाही, ते फर्मान होते.

१८/
आता आमचा अनुभव. अर्जाचा नमुना भरला. काही तासांत यांत्रिक उत्तर आले : आपला पत्ता सवलतीस पात्र नाही. का नाही, ते नाही. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच. आमच्या नोंदवह्या तपासल्या. महिन्याला जेमतेम दोनशे पत्रे, सगळी ओळखीच्यांना. अखेर अंदाज केला की हा आयपी पत्ता आमच्याआधी कोणा उपद्रवी भाडेकरूकडे असावा. तोही अंदाजच. आरोपीने आपला गुन्हा स्वतःच शोधून काढायचा आणि मग त्याची क्षमा मागायची!

१९/
यावर तीन आक्षेप नेहमी येतात.

पहिला : कारणे सांगितली तर स्पॅमवाले शहाणे होतील. गाळणीची अंतर्गत गणिते कोणी मागत नाही. 'अमुक तारखेपासून, अमुक प्रकारच्या तक्रारींमुळे, हा एक पत्ता किंवा हा सबंध समूह' एवढे सांगितले तर प्रामाणिक माणूस चूक दुरुस्त करू शकतो. स्पॅमवाला कारण विचारायला थांबतच नाही. तो नवा पत्ता घेतो. गुप्ततेचा भार अशा रीतीने केवळ प्रामाणिकावर पडतो.

२०/
दुसरा : सर्व्हर त्यांचा, दार त्यांचे, मर्जी त्यांची. मान्य, दार त्यांचे आहे. पण पत्र त्यांच्या नावे नव्हते. ते त्या मोडी अभ्यासकांच्या नावे होते आणि त्यांना ते हवे होते. त्यांना कोणी विचारले नाही. इतकेच काय, त्यांच्या नावचे पत्र दारातून परत पाठवले, हेही त्यांना सांगितले नाही. पोस्टमनने आपल्या मर्जीने पत्र परत पाठवावे आणि घरमालकाला पत्ताही लागू नये, याला सेवा म्हणत नाहीत.

२१/
तिसरा, सर्वांत व्यवहारी : स्वतःचा सर्व्हर ठेवता कशाला? मोठ्यांकडेच खाते घ्या.

या सल्ल्याचा शेवट कुठे होतो ते पाहा. ज्यांच्या अन्यायाची तक्रार, त्यांचेच आश्रित व्हायचे. ई-मेलचे वैशिष्ट्यच हे होते की त्याला एक मालक नव्हता. विद्यापीठ, वाचनालय, चार विद्यार्थ्यांचे मंडळ, कोणीही आपले टपालघर उघडावे. ते एकेक बंद पडले तर कायद्याने बंदी घालण्याचीही गरज राहणार नाही.

२२/
आपल्याकडच्या इतिहासातला एक दाखला येथे आठवतो. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला. गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवली आणि ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांनी आयोग नेमला. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोषही ओढवून घेतला.

२३/
ग्रामण्य ही अन्याय्य संस्था होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माणसाला वाळीत टाकणे आणि सर्व्हरला वाळीत टाकणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हेही विसरू नये. माणसांवरील सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा कायदा करावा लागला, ती वेदना वेगळी.

माझा मुद्दा मर्यादित आहे. त्या ग्रामण्यातही आरोप उघड होता, आरोप करणारा ठाऊक होता, बाजू मांडायला जागा होती आणि प्रायश्चित्त कोणते ते सांगितले जाई. एकोणिसाव्या शतकातल्या सनातन्यांनी जे दिले, ते एकविसाव्या शतकातली कंपनी देऊ शकत नाही?

२४/
टीका करणाऱ्याने आधी आपले अंगण झाडावे. म्हणून ज्यांचा सर्व्हर अडला आहे, त्यांच्यासाठी :

परत आलेले पत्र पूर्ण वाचा. ५ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे कायमचा नकार, ४ ने सुरू होणारा म्हणजे तूर्त नकार. पुष्कळदा त्यातच यादीचे नाव असते.

आपला पत्ता सार्वजनिक याद्यांत तपासा. नवा सर्व्हर भाड्याने घेताना हे पहिल्याच दिवशी करा.

गळती आधी थांबवा. चोरलेला पासवर्ड, संकेतस्थळावरचा असुरक्षित संपर्क-अर्ज ही नेहमीची भोके. ती बुजवल्याशिवाय अर्ज केला तर नाव पुन्हा यादीत जाते.

२५/
आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद सर्व्हरच्या नावाशी जुळवा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी करा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या, तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवण्याची अटही घातली. लहानांनीही त्या पाळाव्यात.

मग अर्ज. कोणता पत्ता, काय बिघडले होते, काय दुरुस्त केले, केव्हापासून. चार ओळी, सभ्य भाषेत. रोज नवा अर्ज टाकू नका. सबंध समूह अडला असेल तर जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीलाच अर्ज करायला लावा.

२६/
हे सारे आम्ही केले. आमच्या बाजूने एक त्रुटी सापडली, ती लपवत नाही : पीटीआर नोंद जुन्याच नावाची होती. ती सुधारली. पण हे कारण होते की नाही, ते आजतागायत आम्हाला कोणी सांगितलेले नाही.

२७/
म्हणून मागण्या चारच आहेत.
एक : नकारासोबत कारणाचा प्रकार आणि तारीख द्यावी.
दोन : एका पत्त्याचा दोष शेजाऱ्यांवर लादला असेल तर तसे स्पष्ट सांगावे.
तीन : अर्जाला ठरावीक मुदतीत माणसाने उत्तर द्यावे, विनाशुल्क.
चार : आपले पत्र अडवले गेले, हे पेटीच्या मालकाला पाहता यावे.

यांतली एकही मागणी स्पॅमवाल्याच्या उपयोगाची नाही.

२८/
१९८२ च्या त्या पोस्टमास्टरकडे परत येतो. टपालाची सारी व्यवस्था रचणाऱ्यांनी यंत्रांच्या गर्दीत एक माणूस आवर्जून बसवला होता. काही बिघडले तर कोणाला विचारायचे, हे त्यांना ठाऊक होते. आज ती पेटी बऱ्याच ठिकाणी आहे, पलीकडचा माणूस मात्र उठून गेला आहे. त्याला परत बसवा, एवढेच म्हणणे.

२९/
अडीच महिन्यांनी आमची पत्रे एके दिवशी जाऊ लागली. ज्या नि:शब्दपणे दार लागले होते, त्याच नि:शब्दपणे उघडले. उद्या पुन्हा लागेल का, ठाऊक नाही.

मोडी अभ्यासकांना मी मुद्रिते छापून घरी नेऊन दिली. त्यांनी चहा पाजला आणि विचारले, "पण आपला अपराध काय होता म्हणायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

धागा समाप्त. मतभेद असल्यास जरूर मांडावेत, कारणांसह आणि स्वतःच्या नावानिशी.